थोरल्या जावयाची ग्रिप

२४ मे, रविवार. संध्याकाळी, तळेगावला परत आल्यावर

सूड घेणार. आधी एवढं लिहून टाकतो, म्हणजे सकाळी मन मवाळ झालं तरी कागदावर राहील.

आज वलवणला, सासुरवाडीला, अधिक महिन्याचं धोंड्याचं जेवण होतं. दोन जावई, दोन पाट, भोवती रांगोळी. थोरला मी, म्हणून पहिलं वाण मला. माईंनी, म्हणजे सासूबाईंनी, अनारशांच्या ताटात दिवा ठेवून ताट हातात दिलं. इथवर सगळं रीतसर.

मग अप्पांनी विचारलं, श्रीयश, मेडल आणलंस का? अप्पा म्हणजे सासरे. हेडमास्तर म्हणून रिटायर झाले, आवाज अजून रिटायर झालेला नाही. श्रीयश म्हणजे माझा साडू, धाकट्या तेजलचा नवरा. आणि मेडल म्हणजे लोणावळ्याच्या आमच्या शूटिंग क्लबचं, दहा मीटर एअर पिस्तूल. ह्या माणसाला क्लबात नेलं कोणी? मी. पिस्तूल कुठलं घ्यायचं ते सांगितलं कोणी? मी. माझंच मॉडेल घे म्हटलं, म्हणजे अडलं तर मला विचारता येईल. त्याचं अडलंच नाही. दिवाळीत क्लबात आला आणि मार्चच्या मॅचला सहाशेपैकी ५५२ करून बसला. मी ४८७. (त्या दिवशी माझ्या डोळ्यात काहीतरी गेलं होतं.)

मेडल सगळ्यांच्या हातांतून फिरलं. मी तेवढ्यात धोंड्यावर तूप घेत होतो, जरा सांडलं. जरासंच. अप्पा सगळ्यांदेखत म्हणाले, हेरंबरावांची नजर चांगली आहे हो, पण हात कच्चा. तुपाच्या वाटीपाशी हलतो, तर पिस्तुलापाशी काय होत असेल!

सगळे हसले. माई हसल्या, तेजल हसली, शेजारच्या भामाबाई हसल्या, ज्यांना जेवायला बोलावलंही नव्हतं. श्रद्धा हसली. माझी स्वतःची बायको! श्रीयश तेवढा हसला नाही. खाली मान घालून अनारसा खात राहिला. ते जास्त लागलं. मला फार वाईट वाटलं. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो.

क्लबची पुढची मॅच १२ जुलैला. रेंज अप्पांच्या घरापासून चालत जाण्याइतकी, आणि आपण बघायला येणार असं त्यांनी जाहीर करून टाकलंय. उत्तम. त्यांच्या डोळ्यांदेखत श्रीयशला लोळवतो. नाही लोळवलं तर अधिक महिना परत यायला तीन वर्षं आहेत आणि तोवर वलवणात माझी ओळख तुपाची वाटी अशीच राहणार.

अनारसे श्रद्धाने डब्यात भरून आणलेत. मी शिवणार नाही.

२५ मे, सोमवार

चार अनारसे खाल्ले. सूड उपाशीपोटी होत नाही.

ऑफिसात दिवसभर विचार केला. आंबीच्या कंपनीत मी क्वालिटीला आहे. पार्ट बिघडला तर आम्ही ऑपरेटरला नावं ठेवत नाही, निदान लेखी तरी. आधी पार्ट धरणारं फिक्स्चर तपासतो. तेच ढिलं असेल तर ब्रह्मदेव आला तरी भोक वाकडंच पडणार. मग पिस्तूल धरायची वस्तू कोणती? ग्रिप! माझी ग्रिप पिस्तुलाबरोबर आली तीच आहे, प्लॅस्टिकची, सगळ्यांना चालणारी आणि कुणालाच न बसणारी. श्रीयशने जानेवारीतच लाकडी बसवून घेतली. म्हणजे त्याच्या ५५२ मधले निदान साठ गुण सुताराचे.

कोडं सुटलं. हात कच्चा नाही. ग्रिप कच्ची आहे. नवी घेणार. अक्रोडाची. त्याच्यापेक्षा मोठी.

२७ मे, बुधवार

संकल्प. रोज सकाळी पाण्याने भरलेला तांब्या हात ताठ करून धरायचा. चहा बंद. तूप बंद. श्रीयशच्या फोटोंना लाइक देणं बंद.

२८ मे, गुरुवार

तांब्या धरला. फोन वाजला. गादी ओली. श्रद्धाला म्हटलं छत गळतंय. ती म्हणाली, आपल्या डोक्यावर अजून दोन मजले आहेत आणि उन्हाळा आहे. चहा प्यावा लागला.

३० मे, शनिवार

रेंजवर गेलो. आमची कोच समीक्षा, आंबीच्याच शेतकरी घरातली. नॅशनल खेळून आली आहे, पण म्हणून बोलायला घाबरत नाही असं नाही, मुळातच घाबरत नाही. नवी ग्रिप घेतोय म्हटल्यावर म्हणाली, काका, हात दावा. दाखवला. म्हणाली, लहान हाय की वो तुमचा हात. स्मॉल घ्या. आन् काका, ग्रिपचं सोडा, तुमी ट्रिगर दाबत न्हाई, हिसडा मारता. श्रीयशदादा बघा, रोज घरी भिंतीसमोर हुबं राहून छर्रा न घालता नुसता कोरडा ट्रिगर दाबत्यात.

श्रीयश दादा. आणि मी काका! दहा-अकरा वर्षांचा फरक असेल फार तर.

आणि भिंतीसमोर उभं राहायला मी काय गृहपाठ न केलेला पोरगा आहे? पण बातमी कामाची. शत्रू भिंतीसमोर उभा असतो. म्हणजे मनातून डरलेला आहे.

१ जून, सोमवार

विक्रेत्याने मापाचा तक्ता पाठवला. तळहाताची रुंदी मोजा म्हणे. ऑफिसातल्या डिजिटल व्हर्नियरने मोजली. तक्त्यात स्मॉल निघाली. परत मोजली. स्मॉल. बोटं फाकवून मोजली, मीडियमच्या जवळ गेली. ह्या व्हर्नियरचं कॅलिब्रेशन कधी झालं होतं ते बघायला हवं.

संध्याकाळी घरी टेपने. स्मॉल. श्रद्धाला गंमत वाटली, तिने आपला हात मोजला. मीडियम. मी म्हटलं, पोळ्या लाटून बायकांचे तळवे पसरतात, ते धरायचं नाही. ती म्हणाली, तर मग उद्यापासून तुम्हीच लाटा, जुलैपर्यंत लार्ज व्हाल. हिला अजून त्या दिवशीचं हसू पुरलेलं दिसत नाही.

२ जून, मंगळवार

लार्ज मागवली.

फोनवर विक्रेत्याने परत परत विचारलं, नक्की लार्ज ना, लाकडी ग्रिप बदलून मिळत नाही. त्याच्या आवाजात आदर होता. लार्ज फार लोक घेत नसावेत.

तत्त्व असं, मोठं लहान करता येतं, लहान मोठं करता येत नाही. आणि श्रीयशची जी काय असेल, तिच्याशेजारी माझी ठेवली की दिसलं पाहिजे थोरला कोण ते.

९ जून, मंगळवार

आली! काय देखणी आहे! गडद अक्रोड, हाताला खरखरीत, खाली तळहात टेकायला सरकती फळी. पॉलिश नाही, कोरं लाकूड. पिस्तुलावर चढवली. खोलीत पिस्तूल दिसेना, ग्रिपच दिसते.

धरून पाहिली. अंगठा त्याच्या खाचेपर्यंत जरा पोचत नाही. तळव्यात थोडी हवा राहते. ट्रिगरवर बोटाचं टोक टेकतं, आणि टोकानेच दाबायचं असतं असं कुठेतरी वाचलंय.

भंगारवाला खाली ओरडत होता, जुनी प्लॅस्टिकची ग्रिप त्याला देऊन टाकली. श्रद्धा म्हणाली, असू द्या की, लागली तर? म्हटलं, परतीचे दोर कापल्याशिवाय माणूस लढत नाही. ती म्हणाली, त्यांनी निदान गड चढल्यावर कापले होते.

१० जून, बुधवार

कोरं लाकूड असं वापरू नये. माझी आई नवं पोळपाट-लाटणं आणलं की दोन दिवस तेल पाजून उन्हात ठेवायची. तडा जात नाही, आयुष्यभर टिकतं. हे ज्ञान त्या परदेशी कारखान्यात कुठून असणार? ग्रिपला शुद्ध खोबरेल तेल पाजलं. किती प्याली! बिचारी तहानलेली होती. गच्चीवर उन्हात ठेवली.

श्रद्धा म्हणाली, आधी समीक्षाला विचारा. लाटण्याचं समीक्षाला काय विचारायचं?

१२ जून, शुक्रवार

ग्रिप तुकतुकीत झाली. पिस्तूल हातातून साबणाच्या वडीसारखं सुटतं. सोफ्यावर पडलं म्हणून बरं. तेल जास्त झालं असेल. तेल काढायला पिठासारखं काही नाही, दिवाळीत उटणं लावतो ते उगाच नाही. तांदळाची पिठी चोळून ठेवली.

१३ जून, शनिवार

मुंग्या.

तांबड्या. खाचेत आत शिरल्या आहेत. झटकून, फुंकून, शेवटी टाचणीने काढल्या. एक चावली, नेमकी ट्रिगरच्या बोटाला. आज सराव नाही.

तेजलचा श्रद्धाला फोन होता. श्रीयश म्हणे पहाटे उठून भिंतीसमोर उभा राहतो, ऑफिसातून आला की परत उभा राहतो. उभा रहा, लेका. भिंतीलाच मेडल घाल.

२० जून, शनिवार

मोठं लहान करता येतं हे तत्त्व आज अमलात आणलं. हार्डवेअरच्या दुकानातून नळाच्या गळतीला लावतात ती पुट्टी आणली, दोन रंगांच्या वड्या मळून एक करायच्या. ग्रिपच्या आत सगळीकडे जाड थर दिला, खालच्या फळीवर दोन्ही बाजूंनी चढवला आणि वर हात घट्ट दाबला. बोटांचे ठसे असे उठले पाहिजेत की ही ग्रिप जगात दुसऱ्या कोणाच्या हाताला बसता कामा नये.

पाकिटावर लिहिलं होतं, दाबताना हाताला पाणी लावा. पाण्याने पुट्टी पातळ झाली असती. नाही लावलं. तेवढ्यात कंपनीतून फोन, बुश पार्टची एक लॉट केसभर जाडीने मापाबाहेर आहे, पास करू का? मी कडाडलो, केसभर म्हणजे काय, गेजमध्ये जात नाही तर रिजेक्ट! क्वालिटीत दया नसते. बोलणं लांबलं. फोन ठेवला तर हात ग्रिपला चिकटलेला.

श्रद्धाने कोमट पाणी, मग खोबरेल तेल, मग उलथनं असं करत तासाभराने सोडवला. तळव्याची साल गेली. हसली नाही, पण ओठ घट्ट मिटून होती.

एक मात्र चांगलं झालं. जी पुट्टी कातडीला इतकी धरून बसली ती लाकडाला किती धरून बसली असेल!

२१ जून, रविवार

हाताला पट्टी. मनातल्या मनात सराव केला. मनातल्या मनात ५८०.

२७ जून, शनिवार

रेंज. ग्रिप तळव्यात अशी बसली की काय सांगू. श्रीयश शेजारच्या लेनवर होता. माझ्या ग्रिपकडे बघत राहिला. म्हणाला, दादा, काहीतरी वेगळंच केलंय तुम्ही. घाबरला!

समीक्षाने वास घेतला आणि विचारलं, काका, कुनाला डोक्याला तेल लावून आलाय का? मग ग्रिप उलटीपालटी करून म्हणाली, लय जाड झाली, मॅचला मापाच्या डब्यात बसंल का बघा. त्या दिवशी पिस्तूल डब्यात घालून तपासतात, झाकण बसलं तरच खेळू देतात. मी म्हटलं, बाई, मी दिवसभर गेजच वापरतो, मला माप शिकवू नकोस. ती म्हणाली, मंग झालं तर.

आज गुण मोजले नाहीत. गुण मोजल्याने लय बिघडते.

३ जुलै, शुक्रवार

अप्पांचा फोन. मॅचला येताना कोणाकोणाला आणू म्हणून विचारत होते. त्यांच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या ग्रुपला दोन्ही जावयांची लढत बघायची आहे. म्हणाले, हेरंबराव, मनाला लावून घेऊ नका हं, खेळ आहे. म्हणजे निकाल यांनी आधीच लावून ठेवलाय! मी म्हटलं, सगळ्यांना आणा. भामाबाईंनाही आणा.

फोन ठेवला. श्रद्धाला म्हटलं, तू कोणाच्या बाजूने? ती म्हणाली, काय विचारता हो, तुमच्याच. पटकन म्हणाली. विचार करून म्हणाली असती तर जास्त बरं वाटलं असतं.

८ जुलै, बुधवार

युक्ती सुचली. ग्रिप तयार आहेच, पण शत्रूचा हातही थकवायला हवा. शनिवारी, मॅचच्या आदल्या दिवशी, श्रीयशला लोहगडावर नेतो. मोठी सॅक, त्यात पाण्याच्या बाटल्या, छत्री, जाड चादर. थोरल्याचा मान म्हणून ती त्याच्या खांद्यावर. उतरताना तिसऱ्या दरवाजापाशीच याचे हात लोंबायला लागले पाहिजेत. रविवारी पिस्तूल उचललं की थरथर. अप्पा म्हणतील, अरेच्चा, हात तर ह्याचा कच्चा!

फोन केला. लगेच हो म्हणाला. म्हणे, दादा, तुमच्याबरोबर निवांत असं कधी जाणंच झालं नाही. भोळा आहे की बेरकी?

११ जुलै, शनिवार. दुपारी, लोहगडवाडी

टपरीवर बसून लिहितोय. उठता येत नाही म्हणून बसलोय.

सॅक त्यानेच घेतली, इथवर प्लॅनप्रमाणे. गणेश दरवाजापर्यंत मी पुढे होतो. नंतर पायऱ्या जरा उंच झाल्या, लोक फार, शेवाळ फार. मी कठडा धरून धरून चढलो. उजव्या हाताने. सगळा भार उजव्या हातावर. हे माझ्या वरती पोचल्यावर लक्षात आलं. उतरताना श्रीयशने एका खांद्यावर सॅक आणि दुसऱ्या खांद्यावर माझा हात घेतला. ह्याचे दोन्ही खांदे वापरले गेले, एवढं समाधान.

टपरीवाली धोंडाबाई मला बघून म्हणाली, आबा, लय दमला जनू, हितं भितीला टेकून बसा. आणि श्रीयशला म्हणाली, दादा, तुमी घ्या गरम भाकर, वडलांना चा देते.

वडलांना! श्रीयशने सांगितलं की हे माझे मोठे साडू. तर म्हणाली, व्हय का, दिसत न्हाई.

उजवा हात कोपरापासून लाकूड झालाय. ताठ. ताठ हातच हवा असतो.

१२ जुलै, रविवार. सकाळी, निघण्यापूर्वी

बामाचा वास येतोय. हरकत नाही, शत्रूच्या नाकात जाईल. श्रद्धाने दही-साखर दिली हातावर. सांडली नाही. शुभशकुन.

आज वाटीचा हिशोब चुकता.

१२ जुलै. रेंजबाहेर, गाडीत

पटकन लिहितो.

अप्पा आले आहेत, सोबत फिरायला जाणारा ग्रुप, माई, तेजल, भामाबाई डबा घेऊन. पहिली रांग त्यांचीच.

तपासणी. मापाचा डबा. पिस्तूल घातलं, झाकण बसेना. समीक्षा म्हणाली, काका, फळी जाड झाली, मी बोलली व्हती. अगदी केसभर गं, म्हटलं. ती म्हणाली, केसभर असू दे न्हाई तर बोटभर, डब्यात बसत न्हाई तर न्हाई. क्वालिटीत दया नसते हे मला मान्य आहे, पण ती माणसं बघून दाखवावी.

कानस घेतली. घासायला लागलो. दोनदा कानस फिरली आणि अख्खी पुट्टी, बोटांच्या ठशांसकट, लाकडावरून सुटून फरशीवर पडली. सगळीच्या सगळी. ताटातून पाटवडी निघावी इतकी सहज. आत लाकूड तेलाने चकचकत होतं. समीक्षाने बोट फिरवलं, वास घेतला आणि म्हणाली, काका, तेलावर कधी काय चिकटलंय का?

लार्ज ग्रिप परत लार्ज झाली. हात आत पोहतोय. मॅच सुरू व्हायला थोडाच वेळ.

मग मी बोललो. मोठ्याने बोललो, कारण पहिल्या रांगेत अप्पांचा एक कान जरा कमी आहे. म्हटलं, अशा ग्रिपने कोण खेळणार? श्रीयशसारखी बसणारी ग्रिप हातात असेल तर कोणीही साडेपाचशे मारेल! त्याची ग्रिप मला द्या आणि माझी त्याला, मग बघू मेडल कोणाच्या गळ्यात पडतं ते! सगळी रेंज ऐकत होती. शब्द एकदम छान जमले.

श्रीयशने खिशातून स्क्रू सोडवायची ॲलन की काढली. आपली ग्रिप उतरवली, माझी मागून घेतली, माझ्या पिस्तुलाला स्वतः त्याची चढवून दिली. म्हणाला, बघा दादा, बसते का.

मॉडेल एकच. चपखल बसली. अंगठा खाचेत, तळवा फळीवर, बोट ट्रिगरवर. हा हात आणि ही ग्रिप एकमेकांसाठीच जन्मले आहेत. आतल्या बाजूला मापाचं S कोरलंय, ते मी वाचलेलं नाही. दोन्ही पिस्तुलं डब्यात बसली. समीक्षा पास म्हणाली.

कर्णाने कवचकुंडलं काढून दिली! मागताच! आणि वर माझी मुंग्यांनी पोखरलेली, तेल प्यालेली ग्रिप हातात घेऊन उभा आहे. संपला श्रीयश. अप्पा पुढे झुकून बसलेत. श्रद्धाने मला अंगठा वर करून दाखवला.

चाललो. आज कोणी वाचवू शकत नाही त्याला.

१२ जुलै. संध्याकाळ

श्रीयश ५४९.

मी ४८८.

एक गुण वाढला.

बारीकसारीक लिहून ठेवतो. पहिले दहा शॉट झाल्यावर मला वाटलं, अजून हाताला नव्या ग्रिपची ओळख होते आहे. विसाला वाटलं, काल चढल्याचा ताठरपणा आहे. तिसाव्या शॉटला शेजारी पाहिलं. त्या भल्यामोठ्या ग्रिपमध्ये श्रीयशचा हात लहान पोराने बापाच्या चपला घालाव्यात तसा दिसत होता आणि त्याचा कागद मधोमध फाटत होता. त्यानंतर काही वाटलं नाही. नुसता हिसडा मारत राहिलो. हो, हिसडा. हे आज मला स्वतःला ऐकू आलं.

इंद्राने कुंडलं मागून नेली एवढंच सगळे सांगतात. पुढे ती घालून त्याचा नेम सुधारला का, ते कोणी सांगत नाही.

कोणी हसलं नाही. मी वाट बघत होतो. अप्पांचा ग्रुप छताकडे बघत होता. भामाबाईंनी डबा उघडून मला आधी वडी दिली. अप्पा जवळ आले, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, हेरंबराव, ग्रिप बसली होती ना हो नीट? अगदी काळजीने विचारलं. मी म्हटलं, हो. सगळ्यांनी ऐकलं होतं ना मघाशी, दुसरं काय म्हणणार? ते म्हणाले, मग ठीक आहे, मग ठीक आहे. असं दोनदा म्हणाले.

हसले असते तर बरं झालं असतं. हसण्याचा सूड घेता येतो.

परत येताना वीकएंडच्या ट्रॅफिकमध्ये गाडी खोळंबली होती. श्रद्धा शेजारी. तिने ग्रिपचा विषय काढला नाही, अप्पांचा नाही, श्रीयशचा नाही. चिक्कीचं दुकान दिसलं तर म्हणाली, थांबता का, तुम्हाला शेंगदाण्याची आवडते ना. मी थांबलो.

१३ जुलै, सोमवार

सकाळीच श्रीयशचा फोन. मी ठरवलं होतं, ग्रिप आजच परत पाठवायची आणि पहिल्यापासून मोहीम आखायची. लार्ज ग्रिपला तासायला चांगला सुतार बघायचा. थोडक्यात, ग्रिप परत ढिली झाली की सगळं परत हातात येणार होतं.

तर हा म्हणतो, दादा, रागावणार नसाल तर एक मागू का? तुमची ती मोठी ग्रिप मीच ठेवतो. सैल असल्यामुळे मूठ आवळताच येत नाही, त्यामुळे ट्रिगर आपोआप हळू दाबला जातो. फार आवडली. आणि माझी तुमच्या हाताला अगदी मापात बसली, समीक्षाही म्हणाली. ती तुम्हीच ठेवा, कायमची.

सगळ्यांसमोर तोंडाने मागितलेली वस्तू नको कशी म्हणायची? ठेव म्हणालो. वर थँक्यू पण म्हणालो.

ग्रिप समोर टेबलावर आहे. परत धरून बघितली. कुठेही ढिली नाही, कुठेही टोचत नाही, अंगठा, तळवा, बोट, सगळं जिथल्या तिथे. काही दोष सापडतो का म्हणून लंच टाइममध्ये व्हर्नियर लावून बघितला. नाही सापडला.

पुढची मॅच नोव्हेंबरमध्ये. अप्पा येणार आहेत. तेव्हा काय सांगायचं?